कंपनीचा हिशेब कोण मागणार?

रमजानच्या दुपारी रोजेदार घरात एकटाच असतो. माठ भरलेला असतो, ताट झाकून ठेवलेले असते, पाहणारे कोणी नसते. तरीही तो घोटभर पाणी पीत नाही. रोजा हा त्याचा आणि त्याच्या निर्मात्याचा आपसातला व्यवहार असतो. महिना उतरणीला लागला की हाच माणूस कागद-पेन घेऊन जकातीचा हिशेब मांडायला बसतो. घरातले सोने, बँकेतली शिल्लक, दुकानातला माल, लोकांकडून येणे असलेली रक्कम हे सगळे लिहायचे. त्यातून देणे वजा करायचे. उरलेली संपत्ती निसाबाच्या वर असेल आणि वर्षभर हाती राहिली असेल, तर तिच्यातले अडीच टक्के हक्कदारांना द्यायचे. हा हिशेब तपासायला कोणी अधिकारी येत नाही. माणूस स्वतःच स्वतःचा हिशेबनीस असतो.

कायद्याच्या नजरेत कंपनीही एक ‘व्यक्ती’च असते. तिच्या नावावर जमीन असते, ती दुसऱ्यावर खटला भरते, तिच्यावरही खटला भरता येतो. पण तिला भूक लागत नाही, तहान लागत नाही, केलेल्या कृत्याच्या आठवणीने तिची झोप उडत नाही. मग कंपनी चांगली का वागते? वाईट का वागते? तिच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसांशी तिचे नाते काय? गेल्या पन्नास वर्षांत अभ्यासकांनी या प्रश्नांना निरनिराळी उत्तरे दिली आणि त्यांचे सिद्धांत तयार झाले. व्यवस्थापनाच्या वर्गात ते शिकवले जातात, परीक्षेत विचारले जातात. परंतु या सिद्धांतांची खरी परीक्षा पाहायची असेल तर वर्गाबाहेर पडून भोपाळला जावे लागते.

काली परेडवरचा कारखाना

जुन्या भोपाळमध्ये, रेल्वे स्टेशनपासून फार दूर नाही अशा काली परेड मैदानावर १९६९ साली युनियन कार्बाइडचा कारखाना उभा राहिला. एव्हरेडीच्या सेलमुळे ही कंपनी भारतातल्या घराघरांत ओळखीची होती. भोपाळमध्ये ती ‘सेविन’ नावाचे कीटकनाशक बनवत असे. त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी रसायन आधी बाहेरून येई. १९८०च्या सुमारास ते याच कारखान्यात तयार होऊ लागले. भारतीय कंपनीत अमेरिकी कंपनीची मालकी ५०.९ टक्के होती. उरलेला वाटा भारतातल्या वित्तसंस्था आणि साध्या गुंतवणूकदारांकडे होता.

कीटकनाशकाचा खप अपेक्षेइतका झाला नाही आणि कारखाना तोट्यात गेला. मग काटकसर सुरू झाली. विषारी रसायनाच्या विभागात पाळीवर असणारी माणसे निम्म्यावर आली. टाक्या थंड ठेवणारी यंत्रणा जून १९८४मध्ये बंद करण्यात आली. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणी तोडून ठेवला होता. धोक्याच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या. १९८१च्या डिसेंबरमध्ये विषारी वायूने एका कामगाराचा जीव गेला होता. १९८२मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तपासणी पथकाने सुरक्षेतल्या अनेक त्रुटी लिहून दिल्या होत्या. त्याच वर्षी राजकुमार केसवानी या तरुण पत्रकाराने आपल्या छोट्याशा साप्ताहिकातून शहराला सावध केले होते. त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही.

२ डिसेंबर १९८४च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू शहरावर पसरला. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला या वस्त्यांतली माणसे झोपेतून उठून, डोळे चोळत, खोकत, मुले उचलून धावत सुटली. अनेक जण धावता धावताच पडले. मध्य प्रदेश सरकारने वायुगळतीशी थेट संबंधित म्हणून ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना मृतांचा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. बाधितांची संख्या सरकारनेच २००६मध्ये न्यायालयात ५,५८,१२५ अशी दिली.

मालक आणि मुखत्यार

पहिला सिद्धांत मालकाचा आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी सप्टेंबर १९७०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या साप्ताहिक पुरवणीत एक लेख लिहिला. कंपनीचा व्यवस्थापक हा भागधारकांचा नोकर आहे. खेळाचे नियम पाळून त्याने मालकांचा नफा वाढवावा, तीच कंपनीची सामाजिक जबाबदारी, असे त्यांचे म्हणणे होते. १९७६मध्ये मायकेल जेन्सन आणि विल्यम मेक्लिंग यांनी या विचाराला पक्की चौकट दिली. मालक दूर असतो, कारभार मुखत्याराच्या हाती असतो. मुखत्यार मालकाचे हित सोडून स्वतःचे हित पाहील, ही या सिद्धांताची मुख्य चिंता. म्हणून त्याच्यावर देखरेख ठेवा, त्याचे बक्षीस नफ्याशी बांधा, हा त्यावरचा इलाज.

भोपाळमध्ये या सिद्धांताची उणीव उघडी पडते. तिथल्या मुखत्यारांनी मालकाला फसवले नव्हते. तोट्यातल्या कारखान्याचा खर्च कमी करणे हे मालकाच्याच हिताचे काम होते आणि ते त्यांनी इमानाने केले. काटकसरीचा फायदा मालकाच्या वहीत जमा झाला. तिचा धोका भिंतीपलीकडे राहणाऱ्यांच्या वाट्याला आला, आणि त्यांचे नाव त्या वहीत कुठेच नव्हते. फ्रीडमन यांनी नियम पाळण्याची अट घातली होती हे खरे. पण भारतात पर्यावरण संरक्षणाचा व्यापक कायदा झाला तो १९८६मध्ये, म्हणजे भोपाळनंतर.

पुढे काय घडले तेही पाहावे. १९८५च्या अखेरीस जीएएफ या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने युनियन कार्बाइड ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. तो परतवण्यासाठी कार्बाइडने समभागाला ८५ डॉलर देऊन आपलेच शेअर मोठ्या प्रमाणात परत विकत घेतले, आणि त्यापायी पुढच्या वर्षी अमेरिकेतला बॅटरीचा धंदाही विकला. मालकांचा प्रश्न काही महिन्यांत मार्गी लागला. भोपाळच्या तडजोडीला १९८९चा फेब्रुवारी उजाडला. रक्कम ठरली ४७ कोटी डॉलर. ते पैसे पीडितांच्या हाती पडायला आणखी काही वर्षे गेली, आणि बहुतेकांच्या वाट्याला सुरुवातीला आले २५ हजार रुपये. १९८८च्या वार्षिक अहवालात कंपनीने ते वर्ष आपल्या ७१ वर्षांच्या इतिहासातले सर्वोत्तम असल्याचे भागधारकांना सांगितले. समभागामागे नफा होता ४ डॉलर ८८ सेंट. भोपाळपोटीचे ४३ सेंट त्यातून आधीच वजा केलेले होते.

भिंतीपलीकडची माणसे

दुसरा सिद्धांत भिंतीपलीकडे पाहतो. एडवर्ड फ्रीमन या अमेरिकी अभ्यासकाचे पुस्तक नेमके १९८४मध्येच प्रसिद्ध झाले. कंपनीच्या कामाचा ज्यांच्यावर परिणाम होतो आणि ज्यांचा कंपनीवर परिणाम होतो, ते सगळे तिचे हितसंबंधी होत, असे त्यांनी मांडले. कामगार, ग्राहक, माल पुरवणारे, शेजारची वस्ती, सरकार या सगळ्यांचा विचार केल्याशिवाय धंदा टिकत नाही, हा त्यांचा मुद्दा. या हिशेबाने जयप्रकाश नगरातली झोपडी कंपनीच्या संचालक मंडळाइतकीच महत्त्वाची ठरते.

कागदावर हे फार छान वाटते. पण व्यवहारात कंपनी कोणाचे ऐकते? या प्रश्नाचे उत्तर मिचेल, एगल आणि वुड या तिघांनी १९९७मध्ये शोधले. त्यांच्या मते कंपनी तीन गोष्टी पाहते. समोरच्याकडे ताकद आहे का? त्याचा दावा न्याय्य आहे का? आणि त्याला निकड किती आहे? तिन्ही गोष्टी असलेल्या माणसासाठी दार लगेच उघडते. भोपाळच्या पीडितांचा दावा न्याय्य होता, निकड तर श्वासाश्वासाची होती. ताकद मात्र नव्हती. अशांना दुसऱ्याच्या ताकदीवर अवलंबून राहावे लागते, असे हे अभ्यासक सांगतात. तसेच झाले. १९८५मध्ये केंद्राने कायदा करून सर्व पीडितांच्या वतीने दावा लढवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. चार वर्षांनी सरकार आणि कंपनी यांच्यात सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली, तेव्हा ज्यांच्या फुप्फुसांचा तो सौदा होता त्यांना कोणी विचारले नाही.

कंपनी म्हणजे नक्की कोण, हा वादही या प्रकरणात थेट न्यायालयात गेला. न्यूयॉर्कमधल्या खटल्यात भारत सरकारने म्हटले की बहुराष्ट्रीय कंपनी हे एकच शरीर आहे. देशोदेशी हात असले तरी डोके एकच असते, म्हणून डोक्याने जबाबदारी घ्यावी. कंपनीचे म्हणणे होते की भारतीय कंपनी हे वेगळे घर आहे आणि त्याचा कारभार वेगळा. १९८६मध्ये न्यायाधीश जॉन कीनन यांनी खटला भारतात चालवावा असा निकाल दिला आणि हा वाद तिथे तसाच राहिला. २००१मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. भोपाळचा कारखाना आपण कधी चालवलाच नाही, ही डाऊची भूमिका आहे. नफा वारशाने मिळतो आणि देणे मात्र मिळत नाही, हे भोपाळच्या सामान्य माणसाला आजही कळत नाही. आपल्याकडे तर वारसा वाटण्याआधी मृताचे कर्ज फेडावे लागते.

समाजमान्यतेचा मुखवटा

तिसरा सिद्धांत समाजमान्यतेचा. कंपनी समाजाच्या संमतीवर जगते. तिचे वागणे समाजाला पटेनासे झाले तर कायदे येतात, ग्राहक पाठ फिरवतात, परवाने अडतात. म्हणून मान्यता धोक्यात आली की कंपन्या बोलू लागतात. एक्सॉन कंपनीचे तेलवाहू जहाज १९८९मध्ये अलास्काजवळ फुटले, तेव्हा इतर तेल कंपन्यांच्याही वार्षिक अहवालांत पर्यावरणावरचा मजकूर वाढल्याचे डेनिस पॅटन या अभ्यासकाला आढळले. भोपाळनंतर रासायनिक कंपन्यांचे शेअर घसरले. पण ज्या कंपन्यांनी आधीपासून पर्यावरणाविषयी जास्त माहिती दिली होती त्यांची घसरण कमी होती, हेही त्यांनी एका सहकाऱ्यासोबत दाखवून दिले. म्हणजे खरे बोलणे धंद्यालाही उपयोगी पडते.

पण बोलणे वेगळे आणि करणे वेगळे. इथे चौथा, संस्थात्मक सिद्धांत उपयोगी पडतो. मेयर आणि रोवन यांनी १९७७मध्ये लिहिले की संस्था अनेकदा समाजाला दिसावे म्हणून नियम, समित्या, विभाग उभे करतात आणि आतले काम पूर्वीसारखेच चालू ठेवतात. डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी १९८३मध्ये सांगितले की एका क्षेत्रातल्या संस्था एकमेकींसारख्या दिसू लागतात. कधी कायद्याच्या धाकाने, कधी दुसऱ्याचे पाहून, कधी एकाच प्रकारचे शिक्षण घेतलेल्या व्यावसायिकांमुळे.

भोपाळनंतर रासायनिक उद्योगाने ‘रिस्पॉन्सिबल केअर’ नावाची सुरक्षेची आचारसंहिता आणली. १९८५मध्ये कॅनडात सुरुवात झाली, १९८८मध्ये अमेरिकेतल्या उद्योग संघटनेने ती स्वीकारली. सह्या झाल्या, बोधचिन्हे छापली गेली. २०००मध्ये किंग आणि लेनॉक्स या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कंपन्यांचे प्रदूषणाचे आकडे तपासले. आचारसंहितेत सामील झालेल्या कंपन्यांची सुधारणा बाहेर राहिलेल्या कंपन्यांपेक्षा संथ निघाली. संहिता मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती, मग पाळण्याची घाई कोणाला असणार? रमजानमध्ये दिवसभर उपाशी राहून मापात पाप करणाऱ्या दुकानदाराला बुजुर्ग मंडळी सांगतात की तुझ्या पदरी फक्त भूक आणि तहान पडली. या संहितेचेही तसेच झाले.

ही तपासणी शक्य झाली ती एका कायद्यामुळे. भोपाळची दुर्घटना आणि त्यानंतर १९८५मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या कार्बाइडच्याच कारखान्यातली गळती यांनी अमेरिका हादरली. १९८६मध्ये तिथे कायदा झाला की कोणते विषारी पदार्थ किती बाहेर सोडतो हे कारखान्यांनी लोकांना सांगितलेच पाहिजे. भारतातही १९८७मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आसपासच्या वस्तीला धोक्याची माहिती देणे बंधनकारक झाले. दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की घातक धंदा करणाऱ्याने नुकसानीची संपूर्ण जबाबदारी घ्यावी, त्यात सबबी चालणार नाहीत.

शनिवारची बैठक

पण कायदा पुस्तकात असणे आणि तो वापरणारे कोणी असणे यात अंतर आहे. भोपाळमध्ये ते अंतर कापले अब्दुल जब्बार यांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारो बायकांनी. वायूने जब्बारभाईंच्या घरातली माणसे हिरावली, त्यांची स्वतःची दृष्टी आणि फुप्फुसे अधू केली. त्यांनी भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना उभी केली. यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये दर शनिवारी बैठक भरे. बुरख्यातल्या आणि घुंघटातल्या बायका शेजारी बसत, अर्जांवर बोलत, तारखा लक्षात ठेवत. शिवणकाम, भरतकाम शिकवणारे केंद्र चालवले गेले. ‘खैरात नको, रोजगार द्या’ ही त्यांची घोषणा होती.

या घोषणेत संघटनांच्या सिद्धांतांना पुरून उरेल एवढे शहाणपण आहे. पीडितांकडे नसलेली ताकद बाहेरून येणार नव्हती, ती एकत्र येऊनच तयार होणार होती. १९८९च्या तडजोडीत गुन्हेगारी खटलाही मिटवण्यात आला होता. पीडितांच्या संघटनांनी दाद मागितली आणि ऑक्टोबर १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला पुन्हा जिवंत केला. तडजोडीची न वाटलेली रक्कम व्याजासह दीड हजार कोटींवर गेली होती. ती पीडितांनाच वाटावी, असा आदेश २००४मध्ये मिळाला. जून २०१०मध्ये भारतीय कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. ती पुरेशी नव्हती, आणि अमेरिकी कंपनीचे प्रमुख त्या न्यायालयासमोर कधी उभे राहिलेच नाहीत. मार्च २०२३मध्ये वाढीव भरपाईची केंद्राची याचिकाही फेटाळली गेली. तरी जे काही मिळाले ते मागितल्याने मिळाले. नोव्हेंबर २०१९मध्ये जब्बारभाई गेले. त्यानंतर त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

दोन टक्के आणि अडीच टक्के

आज भारतातल्या मोठ्या कंपन्यांना कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. शाळांना बाक मिळतात, गावांना टाक्या मिळतात, आणि हे चांगलेच आहे. जकातीच्या अडीच टक्क्यांशी याची तुलना सहज सुचते, पण दोहोंत मोठा फरक आहे. जकात नफ्यावर नाही, साठलेल्या संपत्तीवर असते. ती कोणाला द्यायची ते ठरलेले असते. घेणाऱ्याचा तो हक्क असतो, देणाऱ्याचा उपकार नसतो. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे हरामाच्या कमाईला जकात देऊन हलाल करता येत नाही. शेजाऱ्याची विहीर नासवायची आणि गावाबाहेर पाणपोई बांधायची, याला कोणी दानत म्हणणार नाही.

भोपाळमध्ये विहिरी खरोखरच नासल्या. कारखान्याच्या आवारात पुरलेल्या रसायनांनी आसपासच्या वस्त्यांचे भूजल दूषित केले. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की या वस्त्यांना नळाने शुद्ध पाणी द्या. आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५मध्ये, उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे पिथमपूरला नेण्यात आला. तेव्हा पिथमपूरचे लोक रस्त्यावर उतरले. ‘आमच्या हवेचे काय?’ हा त्यांचा प्रश्न होता. फ्रीमन यांची व्याख्या लावली तर एका रात्रीत तेही या कारखान्याचे हितसंबंधी झाले होते. कचरा जाळण्याचे काम त्याच वर्षी जूनअखेर पूर्ण झाले. मुरलेले विष जमिनीत आणि पाण्यात तसेच आहे.

ईदच्या सकाळी नमाजला निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसाचा, अगदी तान्ह्या बाळाचाही, फित्रा मोजून दिला जातो. देणे चुकते केल्यावरच ईद साजरी होते. रोजेदाराला हे कोणी बजावून सांगावे लागत नाही. कंपनीला सांगावे लागते, आणि वर्षानुवर्षे सांगत राहावे लागते. भोपाळच्या त्या पार्कात शनिवारी जमणाऱ्या बायका तेच करत होत्या. त्यातल्या कितीतरी जणी आता हयात नाहीत. त्यांच्या मुली आणि नाती त्याच वस्त्यांत राहतात, नळाला पाणी कधी येईल याची वाट पाहतात, आणि जमिनीखालच्या विषाचा हिशेब अजून मागतात.